भिंतीची मोजणी

बोटीत चढू देण्याआधी गिब्बी माझी पिशवी पालथी करतो.
तंबू, मोजे, ओटच्या पिठाचा डबा,
बुटांच्या खाचांतली मातीसुद्धा ब्रशने काढायला लावतो.
"एक गाभण उंदरीण पुरते," म्हणतो.
एवढंच. पुढे तासभर इंजिन बोलतं.

स्कारवा बेटावर कोणी राहत नाही,
असं धक्क्यावरच्या पाटीवर लिहिलंय.

उतारावर दगडांचं एक गोल कडं आहे, छातीएवढं उंच.
कोबीची रोपं वाऱ्यापासून वाचवायला
कुणीतरी दगडावर दगड ठेवला, चुना नाही, माती नाही.
बांधणारे गेले. कोबी गेला.
दगडांमधल्या फटी राहिल्या,
आणि फटींना भाडेकरू मिळाले.

आमच्या शेटलंडात त्याला अलामूटी म्हणतात.
काळं, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा,
वजन पंचवीस ग्रॅम,
म्हणजे पाकिटातलं पत्र,
आणखी एक कागद घातला तर जास्तीचं तिकीट लागेल इतकं.
हे पत्र हिवाळ्यात आफ्रिकेच्या टोकापर्यंत जातं
आणि जूनमध्ये त्याच फटीत परत पडतं.

मोजायची रीत साधी.
गुडघे टेकायचे, फटीशी स्पीकर धरायचा,
दहा सेकंद त्याच्याच जातभाईचा आवाज ऐकवायचा,
मग आपण गप्प.
आत कोणी असेल तर ओ देतो:
शिवणयंत्राखाली जाड कापड आल्यासारखी घरघर
आणि मध्येच उचकी,
कुणी आठवण काढली की लागते तशी.
काढत असेलही कुणी.
जोडीदाराला बाहेर पडून दोन दिवस झालेत,
अंड्यावरची पाळी बदलायला आज येईल, नाहीतर उद्या.

पण सगळे ओ देत नाहीत.
आधीच्या लोकांनी फटींत नळीचे कॅमेरे घालून पाहिलंय:
दहा जण बसलेले असले तर चार बोलतात, कधी तीनच.
म्हणून वहीतल्या उत्तरांना शेवटी
दोन पूर्णांक सातने गुणायचं.
माझ्या माहितीतलं हे एकमेव खातं
जिथे गप्प बसणाऱ्यांनाही धरतात.

माथ्यावर बॉन्क्सींची वस्ती होती, अलामूटी गिळणारे दांडगे पक्षी.
टोपी घातल्याशिवाय तिकडे जायची सोय नव्हती, सरळ टाळूवर झेपावत.
मग त्यांच्यात तो ताप आला.
दोन उन्हाळे आम्ही हातमोजे घालून फक्त मेलेले मोजले,
तिथे कशानेच गुणावं लागलं नाही.
आता टोपी सवयीनं घालते.
कोणी झेपावत नाही. चांगलं वाटायला हवं होतं.

रात्री काळोख पडत नाही इथे जूनमध्ये,
उजेड नुसता विटतो.
तो सगळ्यात विटतो, एकच्या सुमारास, तेव्हा ते येतात,
कड्याभोवती घिरट्या, वटवाघळासारख्या, पंखांचा आवाज नाही.
एकाचं पीस गालाला लागलं.
बाहीला वास राहिला, जुन्या कंदिलाच्या तेलाचा.
धुतली नाही अजून.

पाचव्या दिवशी बेरीज: एकशे चाळीस.
गुणिले.
तीनशे अठ्ठ्याहत्तर, त्यातल्या दोनशे अडतीस जणांचा
मी आवाजही ऐकलेला नाही.

गिब्बी बोट लावतो. डब्यात अजून दोन मग ठेवतो,
रूना फेब्रुवारीत गेली तरी.
दुसऱ्यात मला चहा ओततो.
"आहेत?"
"आहेत, ना."
मान हलवतो, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत
दोरीची न सुटलेली गाठ सोडवत बसतो.
मी मनात गुणून पाहते.
दोन पूर्णांक सात पुरेल असं वाटत नाही.

मग तो ब्रश काढतो, माझे बूट पुढे ओढतो.
निघताना घासायचे नसतात ते, येताना घासायचे असतात.
मी दुसराही पाय पुढे करते.